विजेची रोजकीर्द

आमच्या साताऱ्याच्या घरात स्वयंपाकघराच्या दारामागे जी दिनदर्शिका टांगलेली असते, तिच्यावर दुधाचे खाडे, गॅसची टाकी लावल्याची तारीख, इस्त्रीला दिलेल्या कपड्यांचा आकडा आणि कामाला येणाऱ्या मावशींच्या सुट्ट्या अशी सगळ्या संसाराची रोजकीर्द माझ्या आईच्या हाताने पेन्सिलीत मांडली जात आली आहे. आणि वाण्याच्या वहीत पावशेर तूरडाळ जास्त लागली तर महिनाअखेर ती अचूक पकडणाऱ्या या माउलीला विजेच्या बाबतीत मात्र 'या खेपेला लाईटबिल किती आलं?' एवढा एकच प्रश्न विचारताना मी आजवर ऐकत आलो होतो. उत्तर ऐकून ती मान हलवी आणि रिकाम्या खोलीतला एखादा दिवा विझवून येई. विजेच्या हिशेबाची आमच्या घरातील परंपरा इथे सुरू होई आणि इथेच संपे.

यात तिचा दोष नव्हता. दूध मापाने ओतले जाते आणि ते माप आपण डोळ्यांनी पाहतो; धान्य तराजूत पडते; पेट्रोलचा आकडा पंपावर समोर फिरतो. वीज तेवढी भिंतीच्या आतून येते, निःशब्दपणे खर्ची पडते, आणि तिचा हिशेब महिना उलटून गेल्यावर, कोणत्या बाबीवर किती गेली याचा काडीमात्र तपशील न देता, एका रकमेत आपल्यासमोर येतो. एखादा वाणी महिनाभराच्या सामानाची यादी न देता नुसती बेरीज पाठवू लागला, तर त्याच्याकडचे खाते आपण दुसऱ्याच दिवशी बंद करू. विजेची बेरीज मात्र आपण निमूटपणे भरतो, आणि ती डोईजड झाली की जे डोळ्यांना दिसते त्याच्यावर, म्हणजे दिव्यावर, हात टाकतो.

या सवयीचे मूळ आपल्या भाषेतच आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. पंखा थांबला, शीतकपाट बंद पडले, पिठाची गिरणी थबकली, तरी आपण म्हणतो 'लाईट गेली'. बिलालाही आपण 'लाईटबिल'च म्हणतो. वीज आपल्या बहुतेक घरांत प्रथम आली ती छताला लोंबकळणाऱ्या एका दिव्याच्या रूपाने, आणि तिचे हे पहिले रूप तिच्या नावाला कायमचे चिकटून राहिले. पुढे घरात पाणी तापवणारी, पाणी चढवणारी, अन्न गारठवणारी, कपडे धुणारी यंत्रे एकामागून एक दाखल झाली, परंतु खर्च मनात मांडताना आपण त्या पहिल्या दिव्यापुढे गेलोच नाही. लाईटबिलात उजेडाचा वाटा खरोखर किती, हा प्रश्न गेल्या वर्षी मला पडला तो असा, आणि त्याच्या शोधात दिवाळीच्या सुमारास मी एक शंभरपानी वही आणि पेन्सिल घेऊन रोज सकाळी सहा वाजता पडवीतल्या मीटरसमोर उभा राहू लागलो.

मीटर हे यंत्र आपण दारातच बाळगतो आणि त्याच्याकडे कधी पाहत नाही. लहानपणी आमच्या पडवीत काळ्या खोक्याचे मीटर होते. त्याच्या काचेआड ॲल्युमिनियमची एक चकती आडवी फिरे, तिच्या कडेवर एक खूण असे, आणि ती खूण समोरून जाताना मोजण्यात आम्हा मुलांच्या सुट्टीतल्या कैक दुपारी गेल्या आहेत. त्या चकतीला फिरवणारा दाता किंवा पट्टा कुठेच नसे. एक वेटोळे विजेच्या दाबाचे आणि एक प्रवाहाचे, या दोहोंच्या चुंबकीय प्रभावाने तिच्यात प्रेरित प्रवाह उत्पन्न होऊन ती फिरे, एक स्थिर चुंबक तिला आवर घाली, आणि त्यामुळे तिचा वेग घरात त्या क्षणी खर्च होणाऱ्या विजेच्या नेमक्या प्रमाणात राही. ही रचना १८८९ साली बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातील ओट्टो ब्लाथी या हंगेरियन अभियंत्याने सिद्ध केली, आणि शंभर वर्षांहून अधिक काळ जगातील घराघरांचा हिशेब तिच्यावर चालला. आता तिची जागा इलेक्ट्रॉनिक मीटरने घेतली आहे. त्यात चकती नाही. एक तांबडा ठिपका लुकलुकतो, आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकणार हे मीटरच्या दर्शनी पाटीवर छापलेले असते. आमच्या मीटरवर तो आकडा ३२०० आहे.

या आकड्यात फार मोठी सोय दडलेली आहे. एक युनिट म्हणजे एक हजार वॅटचे यंत्र एक तास चालवण्याची वीज. तेव्हा एका युनिटाला ३२०० लुकलुकी असतील, तर ११२५ या संख्येला दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागले की घर त्या क्षणी किती वॅट खात आहे ते निघते. दहा सेकंदांनी ठिपका उजळला तर सुमारे ११२ वॅट. सेकंदाला एकदा उजळला तर सव्वाअकराशे. घड्याळ आणि त्रैराशिक याखेरीज याला दुसरे काही लागत नाही.

एका रात्री सगळे निजल्यावर मी घरातला एकूण एक दिवा आणि पंखा बंद केला, शीतकपाटाची कळही दाबली, आणि पडवीत अंधारात घड्याळ घेऊन बसलो. माझ्या समजुतीप्रमाणे त्या वेळी घरात काहीही चालू नव्हते, म्हणून ठिपका उजळायला नको होता. तो उजळला. पुन्हा उजळेपर्यंत मी सेकंद मोजले. ते पंचेचाळीस भरले, आणि पुढेही दर पंचेचाळीस सेकंदांनी तो त्याच नियमाने उजळत राहिला. म्हणजे निजलेले घर पंचवीस वॅट खात होते. दुसऱ्या दिवशी एकेक प्लग उपसून मी या खाणाऱ्यांची झडती घेतली: दूरदर्शनसंचाजवळचा सेट-टॉप बॉक्स, जो संच बंद केल्यावरही जागाच राहतो, इंटरनेटचा राउटर, वीज जाईल म्हणून बाराही महिने सज्ज असलेला इन्व्हर्टर, आणि कामाविना भिंतीला लटकलेले दोन चार्जर, ज्यांचा भार मात्र नगण्य निघाला. पंचवीस वॅट हा आकडा क्षुद्र वाटेल, परंतु अहोरात्र चालला की तो दिवसाला सहा दशांश युनिट होतो. आणि आमच्या घरातले सगळे एलईडी दिवे मिळून संध्याकाळपासून निजेपर्यंत जी वीज घेतात, ती तीन दशांशाच्या वर जात नाही. ज्या दिव्यांसाठी आम्ही मुलांना आयुष्यभर बोल लावले, त्यांच्या दुप्पट वीज कोणाच्याही नजरेत न येणाऱ्या या मंडळींच्या नावे पडत होती.

पंधरा दिवसांची कीर्द झाल्यावर तिची खतावणी करण्यासाठी मी आमच्या पेठेतल्या एका जुन्या वायरमनकाकांना बोलावले, कारण तारेला चिमट्यासारखे पकडून तिच्यातला प्रवाह सांगणारे क्लॅम्प मीटर त्यांच्यापाशी होते, आणि त्याहून मोलाचा चाळीस वर्षांचा अनुभव होता. त्यांनी माझी वही चाळली, दिव्यांसाठी आखलेला रकाना पाहिला आणि ती मिटून माझ्या हातात परत दिली. "साहेब, बल्ब मोजून काय मिळणार? घरात तापवणारं कोण आणि गार करणारं कोण, ते दोघं आधी धरा. बाकीचं किरकोळ." तीन वाक्यांत त्यांनी मला जे सांगितले, ते पुढे वर्षभर वहीने तंतोतंत खरे करून दाखवले. त्या वेळी आमचा दिवसाचा खर्च सरासरी पावणेसात युनिटांचा होता. त्यातली दोन युनिटांहून थोडी अधिक वीज वीस वर्षांच्या शीतकपाटात जात होती, आणि जवळजवळ अडीच युनिटे गिझरमध्ये. दोन यंत्रांनी दोनतृतीयांश घर खाल्ले होते.

तापवण्याला एवढी वीज का लागावी, याचा उलगडा मला करून घ्यावासा वाटला, आणि तो करताना मी कोयनेपाशी जाऊन पोचलो. पंधरा लिटर पाणी पस्तीस अंशांनी तापवायला सहा दशांश युनिट लागते. हे भौतिकशास्त्राचे गणित आहे, त्यात कोणत्याही कंपनीच्या कौशल्याने फरक पडत नाही. आता कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवून पोफळीकडे जवळजवळ पाचशे मीटर खाली सोडले जाते, आणि त्या पडण्यातून वीज होते. गिझरच्या त्या एका टाकीपुरती वीज करायला किती पाणी एवढ्या उंचीवरून पडले पाहिजे, याचा हिशेब मी मांडला, तेव्हा तारांतली गळती सोडूनही उत्तर सुमारे पाचशे लिटर आले. एक बादलीभर पाणी कढत व्हावे म्हणून तीसपस्तीस बादल्या पाण्याला सह्याद्रीवरून उडी घ्यावी लागते. याउलट अर्ध्या अश्वशक्तीची आमची मोटर खालच्या हौदातले हजार लिटर पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवते ती पाव युनिटात. मोटर आवाज करते म्हणून ती खर्चिक वाटते. गिझर मुका असतो म्हणून तो गरीब वाटतो. डोळा आणि कान हे दोन्ही साक्षीदार विजेच्या प्रकरणात खोटी साक्ष देतात.

कोयनेचे हे गणित मी आईला सांगितले त्याला कारण होते. तिचे माहेर कोयनेच्या खोऱ्यातले. धरण झाले तेव्हा गाव जलाशयाखाली गेले, आणि ती तेव्हा परकरपोलक्यातली मुलगी होती. ऐकून ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे आपल्या न्हाणीत येतं ते आमच्या गावावरचं पाणी." मी तिला सांगू पाहिले की तारांच्या जाळ्यात सगळी वीज एकत्र मिसळते, कोयनेचे १९६० मेगावॅट मुख्यतः मागणी चढते त्या वेळांसाठी राखलेले असतात, आणि सकाळच्या आपल्या गिझरमध्ये चंद्रपूरचा कोळसाही असेल, पण तिने ते फारसे मनावर घेतले नाही. कोळशाच्या बाजूने पाहावे तर प्रकरण आणखी विषादकारक होते. औष्णिक केंद्रात कोळसा जाळून जी उष्णता मिळते, तिच्यापैकी ढोबळ मानाने तिसरा हिस्साच विजेच्या रूपाने हाती लागतो, उरलेली धुराड्यातून आणि शीतक मनोऱ्यांतून निघून जाते. आणि एवढा नाश सोसून, शेकडो मैल वाहून आणलेल्या त्या विजेची आपण न्हाणीघरात पुन्हा उष्णताच करतो. विजेच्या सर्व उपयोगांत हा मला सर्वांत अविचारी वाटतो, आणि तो सुशिक्षित घरांत सर्वांत अधिक आहे.

रोजच्या नोंदीचे खरे सामर्थ्य मला कळले ते डिसेंबरात. मुंबईहून पाहुणे आले, आठवडाभर राहिले, आणि त्या दिवसांचा आकडा अपेक्षेप्रमाणे नऊदहा युनिटांवर चढला. ते गेल्यावर तो मूळ पदावर यायला हवा होता. पहिल्या दिवशी तो उतरला, पण पुरता नव्हे. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या दिवशीही रोज सव्वा युनिट बाकी उरे, आणि ते कोणाच्या नावे टाकावे ते उमगेना. संशयाने मी शीतकपाटाचे दार तपासले, मोटर तपासली. पाचव्या रात्री पुन्हा पडवीत बसलो, तेव्हा बराच वेळ ठिपका नेहमीच्या संथपणे उजळत होता, आणि एकाएकी तो सेकंदाला जवळजवळ दोनदा या वेगाने धावू लागला. पाचसात मिनिटांनी पुन्हा मंदावला. दोन हजार वॅटची ती सही ओळखायला आता वही उघडण्याची गरज नव्हती. माडीवरच्या न्हाणीघरातला गिझर पाहुणे गेल्यापासून चालूच होता. त्याचा दर्शक दिवा केव्हाच गेला असल्याने कळ खाली आहे हे कोणाच्या लक्षात आले नव्हते, आणि पाणी निवे तसे तो ते पुन्हा तापवी, कोणीही न वापरणारे ते पाणी, पाच दिवस. महिन्याच्या बिलात हे सगळे पाहुण्यांच्या खात्यावर गेले असते, आणि कळ तशीच राहिली असती.

पुढील दुरुस्त्या लवकर सांगून टाकतो. शीतकपाटाच्या दाराचे रबर झिजले होते. दारात कागद धरून दार लावले की तो सहज ओढून निघे. रबर बदलले, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढले, आणि रोजचे अर्धे युनिट वाचले. राजपथावरच्या पंखे दुरुस्तीच्या दुकानात कळले की जुन्या डब्याच्या रेग्युलेटरवर पंखा मंद केला तरी उरलेली वीज त्या डब्यात तापून जाते, आणि साधा पंखा पाऊणशे वॅट घेतो तिथे नव्या बीएलडीसी मोटरीचा पंखा तीसेक वॅटवर तेवढाच वारा देतो. तेव्हा जे दोन पंखे रात्रंदिवस फिरतात तेवढेच बदलले, बाकीचे ठेवले. नवे यंत्र घेताना त्यावरील तारांकित पाटीकडे लोक पाहतात, पण तारे मोजून थांबतात. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २००६ पासून ही पाटी सुरू केली, आणि ताऱ्यांची कसोटी ठरावीक मुदतीने कडक होत जाते, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचे पाच तारे आज पाच राहत नाहीत. शीतकपाटाच्या पाटीवर वर्षाला किती युनिटे लागतील हा जो आकडा असतो, तोच वाचावा. पुण्याच्या 'प्रयास' संस्थेचा ऊर्जा गट घरगुती वीजवापराच्या प्रत्यक्ष मोजणीचे काम निष्ठेने करीत आला आहे, आणि मोजल्यावाचून बोलू नये हा त्यांचा दंडक प्रत्येक घराने उचलावा असा आहे.

दरांच्या पायऱ्यांविषयीही एक गैरसमज मी अनेक घरांत ऐकला. महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर शंभर युनिटांपर्यंत एक, त्यापुढे तीनशेपर्यंत दुसरा, असा चढत जातो. परंतु एकशे एकावे युनिट वापरले म्हणून आधीची शंभर महाग होत नाहीत, महाग पडते ते वरचेच. मात्र ते वरचे युनिट खालच्याच्या जवळपास दुप्पट दराने पडत असल्यामुळे, वाचवलेले प्रत्येक युनिट हे आपले सर्वांत महागडे युनिट असते, आणि काटकसरीचे फळ सरासरी दराने काढलेल्या अंदाजापेक्षा नेहमी अधिक भरते.

जानेवारीत मात्र या वहीने मला मान खाली घालायला लावली. रात्रीच्या जेवणावर मी रोजचा आकडा मोठ्याने वाचून दाखवीत असे, आणि तो उतरत चालला याचा मला अभिमान वाटे. एके सकाळी न्हाणीघरातून आई बाहेर आली ती थरथरत; तिच्या केसांवर हात ठेवला तर ते बर्फासारखे गार. विचारले तेव्हा म्हणाली, "तुझा आकडा वाढू नये म्हणून चार दिवस गारच घेतेय. आम्हाला सवय होती रे नदीवर." अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, साताऱ्याची थंडी, आणि मी रकान्यात मांडलेली घट कोणाच्या अंगावरून काढली जात होती ते मला कळलेही नव्हते. तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे की ज्या बचतीसाठी घरातल्या कोणालाही कुडकुडावे, उकडून घ्यावे किंवा अंधारात चाचपडावे लागते ती बचत नव्हे. आणि अशा बचतीचा भार घरात बहुधा बायकांवर आणि वृद्धांवर पडतो, कारण कोणी न सांगता गरज मागे घेण्याची सवय त्यांनाच लावलेली असते. दोन हजार पाचनंतरच्या भारनियमनात खेड्यांनी दिवसाचे दहाबारा तास विजेविना काढले, त्यालाही कोणी काटकसर म्हटले नाही. ज्यांच्या घरी एक पंखा आणि दोन दिवे आहेत त्यांना वही घेऊन बसायला सांगण्याचा अधिकार मला नाही. ही वही माझ्यासारख्यांच्या घरची आहे, जिथे पाहुण्यांचे पाणी पाहुणे गेल्यावरही तापत राहते.

त्याच आठवड्यात गच्चीवर शंभर लिटरचा सौर बंब बसवण्याची तजवीज केली. शंभर लिटर पाणी पस्तीस अंशांनी तापवायला विजेची चार युनिटे लागली असती. साताऱ्याचे हिवाळी ऊन ते काम फुकट करते. पावसाळ्यात तो रुसतो, तेव्हा गिझर लावतो, अंघोळीच्या आधी वीस मिनिटे, आणि कळीशेजारी बदललेला दर्शक दिवा आहे. वर्षअखेरीस आमचा खर्च दिवसाला साडेतीन ते पावणेचार युनिटांवर स्थिरावला. उजेडाचा वाटा मात्र तोच आहे, तीन दशांश. संध्याकाळी घरात पूर्वीपेक्षा एक दिवा जास्तच लागतो, आईच्या वाचण्याच्या खुर्चीवरचा.

आकडा मोठ्याने वाचायचे मी सोडले. वही कपाटात ठेवली होती. चैत्रात एकदा चार दिवस पुण्याला जाऊन परत आलो तर स्वयंपाकघराच्या दारामागे दिनदर्शिकेवर दुधाच्या खाड्यांच्या खाली बारीक पेन्सिलीत चारही दिवसांचे मीटरचे आकडे उतरवलेले होते, शेवटच्या आकड्याच्या कडेला वजाबाकी केलेली होती, आणि तिच्यापुढे आईच्या मोडीवळणाच्या अक्षरात लिहिले होते: 'बंबाचे पाणी कढत. लाईट ३।।.'